बर्फ, गाळ आणि झाडांची वर्तुळं: उत्तरेकडच्या जुन्या हवामानाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोणार-मेहकरच्या पट्ट्यात शाळांत, वाचनालयांत, कधी मारुतीच्या पारावरही या विषयावर बोलायला मिळतं. माझं बोलणं लवकर आटोपतं, प्रश्न मात्र संपत नाहीत. तेच ते प्रश्न गावोगावी येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

"सर, तिकळच्या बर्फाशी आपलं काय देनंघेनं? इथं मे महिन्यात डांबर वितळते."

देणंघेणं पावसाचं आहे. ग्रीनलँडच्या बर्फात गेल्या, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सरलेल्या हिमयुगातले कडक थंडीचे टप्पे स्पष्ट दिसतात. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ आणि आशियातल्या गुहांमधले चुनखडीचे थर तपासले, तर बहुतेक त्याच टप्प्यांत मान्सून कमजोर पडलेला दिसतो. कारण असं की उत्तर अटलांटिक गार पडला की पृथ्वीचा सगळा उत्तरेचा भाग दक्षिणेच्या मानाने थंड होतो, आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. आपला मान्सून त्याच पट्ट्याच्या हालचालीवर उभा आहे.

पण हे सगळं शेकडो-हजारो वर्षांच्या मापाचं आहे. यंदा मृगात पाऊस दडी मारून बसला त्याचं खापर ग्रीनलँडवर फोडू नका.

"उत्तरेकडचा म्हणजे हिमालय का?"

नाही. इथे उत्तर म्हणजे ग्रीनलँड, आइसलँड, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडचा वरचा भाग, सैबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा आणि मधला आर्क्टिक महासागर. या भागावर अभ्यासकांचा डोळा असण्याचं कारण म्हणजे तिथे बदल फुगून दिसतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो, तो वितळला की खालचं गडद पाणी किंवा जमीन तेच ऊन शोषते, आणि तापमान आणखी चढतं. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

"तेव्हा थर्मामीटर कुठं होता?"

नव्हताच. भारताचा हवामान विभाग १८७५ सालचा. इंग्लंडच्या मध्य भागातली सलग नोंद १६५९ पासूनची, आणि जगातली तशी सर्वांत लांब नोंद तीच. साऱ्या जगाचा बरा अंदाज यावा एवढी मोजमापं साधारण १८५० नंतरची आहेत. त्याच्या मागे जायचं तर थंडी-उष्णतेचा परिणाम ज्या वस्तूवर झाला आणि जी वस्तू टिकली, ती शोधावी लागते. बर्फ, झाडाचं खोड, तळ्याचा गाळ, समुद्रतळावरचे शिंपले, परागकण. यांतलं काहीही आपणहून तापमान सांगत नाही, ते काढून घ्यावं लागतं. खरी मेहनत तिथेच आहे, आणि चुकायच्या जागाही तिथेच.

"बर्फाच्या तुकड्यावरून थंडी किती होती ते कसं कळते? बर्फ तं बर्फच."

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

पाण्यात ऑक्सिजन असतो, आणि ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक हलके, १६ वजनाचे. साधारण ५०० मागे एखादा जड, १८ वजनाचा. गरम समुद्रावरून वाफ निघते आणि उत्तरेकडे जाते. वाटेत हवा गार होत जाते तसा पाऊस पडतो, आणि त्यात जड अणूंचं पाणी आधी खाली येतं. ग्रीनलँडपर्यंत पोचेस्तोवर वाफेत जड अणू कमी उरलेले असतात. हवा जितकी जास्त थंड, तितकं हे गळणं जास्त, आणि तिथे पडणारं बर्फ तितकं हलकं. म्हणजे एखाद्या थरात जड ऑक्सिजन कमी असेल तर ते थंडीचं लक्षण.

हे ज्याने ओळखलं तो डेन्मार्कचा विली डान्सगार्ड. १९५२ साली कोपनहेगनमध्ये घराच्या हिरवळीवर त्याने बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं बसवलं आणि येणाऱ्या पावसाचे नमुने घेतले. ढगांची फळी पुढे सरकत गेली तसं पाण्यातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण बदलत गेलेलं त्याला दिसलं. महागड्या यंत्राआधी बाटली आणि नरसाळं होतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. पुढे अमेरिकी सैन्याने ग्रीनलँडच्या बर्फाच्या पोटात कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ उभारला होता, तिथे १९६६ मध्ये १,३८७ मीटर खोल भोक पाडून बर्फाचा अख्खा दांडा वर काढला गेला. डान्सगार्डने त्याचे तुकडे तपासले आणि हिमयुगाची चढउतार बर्फात पहिल्यांदा एका सलग रेषेत दिसली.

आता गोम. आज ग्रीनलँडवर जड ऑक्सिजन आणि तापमान यांचं जे गणित बसतं, तेच हिमयुगाला लावलं तर हिमयुगाची थंडी फार कमी भरते. हे कळलं दुसऱ्याच वाटेने. बर्फातून उष्णता अतिशय हळू सरकते, त्यामुळे हिमयुगाचा गारठा खोलवर अजून शिल्लक आहे. भोकात तापमापक सोडून वरपासून खालपर्यंतचं तापमान मोजलं, तर जुना गारठा सरळ मोजता येतो. डोर्थे डाल-येन्सेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे करून दाखवलं. हिमयुगाच्या ऐन भरात ग्रीनलँड आजच्यापेक्षा सुमारे २३ अंश सेल्सिअसने थंड होतं, म्हणजे पहिल्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट. कारण बरंचसं असं निघालं की हिमयुगात तिथे हिवाळ्यात बर्फ फारच कमी पडायचं. थरांमध्ये साठलं ते मुख्यतः उन्हाळ्याचं, तुलनेने कमी गार हवेतलं. ऑक्सिजनने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त वर्षाचा एकच हंगाम सांगितला होता.

भोकातल्या तापमानाचीही एक अडचण आहे. उष्णता पसरत गेल्याने बारकावे पुसले जातात. थंडी किती होती ते समजतं, ती कोणत्या दशकात गेली ते समजत नाही. त्यासाठी पुन्हा ऑक्सिजनकडेच यावं लागतं.

"वर्षं मोजता कशी? बर्फावर तारीख थोडीच असते."

वरच्या भागात वर्षं खरोखर एकेक करून मोजतात. उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या बर्फाचा कण वेगळा, धूळ वसंतात जास्त येते, क्षारांचं प्रमाण हंगामाप्रमाणे वरखाली होतं. खाली जावं तसे वरच्या भाराने थर दबतात. उत्तर ग्रीनलँडमध्ये नॉर्थग्रिप नावाच्या ठिकाणी २००३ मध्ये भोक ३,०८५ मीटरवर तळाला पोचलं. तिथे हिमयुगातलं एक वर्ष एक-दोन बोटांच्या जाडीएवढं उरतं. तरीही वेगवेगळे दांडे जुळवून ६०,००० वर्षांपर्यंत मोजणी झाली आहे. ११,७०० वर्षांच्या आसपास तिच्यातली चूक शंभरेक वर्षांची आहे, त्याच्या खाली ती वाढत जाते.

मोजणी पडताळायला ज्वालामुखी कामी येतात. आइसलँडचा लाकी १७८३ मध्ये फुटला, त्याचा आम्लाचा थर ग्रीनलँडच्या बर्फात आहे. साल माहीत असल्यामुळे तिथवरची मोजणी बरोबर की चूक ते लगेच कळतं. आइसलँडहूनच उडालेली, सुमारे १२,१०० वर्षांपूर्वीची एक राख नॉर्वे, स्कॉटलंड, रशियाच्या तळ्यांत सापडते आणि ग्रीनलँडच्या बर्फातही. राखेचा कण सुईच्या टोकाहून बारीक, पण त्याची रासायनिक घडण वेगळी असल्याने ओळख पटते. असा थर हाती लागला की तळं आणि बर्फ एका तारखेला बांधता येतं.

झाडपाल्यासाठी, हाडांसाठी कार्बन-१४ आहे, म्हणजे कार्बनचाच हळूहळू झिजत जाणारा एक जड अणू. विलार्ड लिबीच्या गटाने १९४९ मध्ये ही पद्धत मांडली, १९६० मध्ये त्याला नोबेल मिळालं. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे त्याचा उपयोग नाही. बर्फाला तो तसाही फारसा लागू पडत नाही, कारण बर्फात कार्बन नावालाच असतो.

"बर्फात जुनी हवा असते म्हणतात. खरं हाय का?"

खरं आहे, आणि सगळ्यात सरळ पुरावा तोच. बर्फ साचत जातं तशी कणांमधली हवा अडकते आणि साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर ती वाट पूर्ण बंद होते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा तिच्याभोवतीच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. हा फरक हिशेबात न धरणारे लोक "आधी तापमान वाढतं, मग कार्बन" असले निष्कर्ष घाईने काढतात.

ग्रीनलँडच्या बर्फातला कार्बन डायऑक्साइड मात्र भरवशाचा नाही. तिथल्या धुळीत चुन्याचा अंश आहे, त्याच्या प्रक्रियेतून बर्फाच्या आतच नवा वायू तयार होतो. म्हणून त्यासाठी अंटार्क्टिकाकडे जावं लागतं, जिथे ८ लाख वर्षांची सलग नोंद मिळाली आहे. हिमयुगात हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे १८० भाग, कारखाने येण्याआधी २८०, आता ४२० च्या वर. मिथेन मात्र दोन्हीकडे चालतो, आणि तो साऱ्या जगात लवकर मिसळत असल्याने उत्तर आणि दक्षिण ध्रुवाकडचे दांडे एकमेकांशी जुळवायला त्याचाच उपयोग करतात.

"आपल्या सागवानाच्या खोडावरही वर्तुळं असतात. ती चालतील का?"

चालतात, पण ती दुसरंच काही सांगतात. आरागिरणीवर ताजा कापलेला सागाचा ओंडका दिसला तर त्याच्या तोंडावर थोडं पाणी लावा आणि जवळून पाहा. प्रत्येक वर्तुळाच्या आरंभाला टाचणीने टोचल्यासारखी छिद्रांची एक ओळ असते, उघड्या डोळ्यांना दिसते. ती हंगामाच्या सुरुवातीची वाढ. मग छिद्रं बारीक होत जातात, लाकूड दाट होतं, आणि पुन्हा नवी ओळ. दोन ओळींमधलं अंतर कुठे बोटाच्या रुंदीएवढं, कुठे जेमतेम नखाच्या जाडीएवढं. आलापल्लीकडच्या जुन्या सागाचा ओंडका मिळाला तर बघतच राहाल.

आपल्या भागात झाडाची वाढ पाण्यावर अडते, म्हणून सागाचं वर्तुळ प्रामुख्याने पावसाचं बोलतं. उत्तर ध्रुवाकडे, जिथे जंगल संपून उघडं माळरान लागतं, तिथे पाणी भरपूर पण ऊब कमी. तिथलं वर्तुळ उन्हाळा किती ऊबदार होता ते दाखवतं. उत्तर स्वीडनमध्ये टोर्नेट्रेस्क तळ्याच्या परिसरातले पाइन आणि सैबेरियात यामालचे लार्च यासाठी प्रसिद्ध आहेत. रुंदीपेक्षाही वर्तुळाच्या शेवटच्या भागाचं लाकूड किती घट्ट आहे हे क्ष-किरणांनी मोजलं तर तापमान जास्त नेमकं मिळतं.

तिथलं झाड काही हजारो वर्षं जगत नाही. मग तळ्याच्या तळाशी किंवा दलदलीत बुडालेले जुने ओंडके काढतात. जिवंत झाडाची आतली वर्तुळं आणि मेलेल्या झाडाची बाहेरची वर्तुळं यांची अरुंद-रुंदीची मांडणी जुळवत मागे जातात. अशा साखळ्या स्कँडिनेव्हियात ७,००० वर्षांच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि त्यात एकही वर्ष गळालेलं नाही. तारखेच्या बाबतीत झाडाचा हात धरणारं दुसरं काही नाही.

कमीपणाही सांगतो. वर्तुळ फक्त उन्हाळा सांगतं, तिथला हिवाळा त्याला दिसत नाही. आणि १९६० च्या दशकानंतर उत्तरेतल्या काही जंगलांत थर्मामीटर वर गेला तरी वर्तुळं त्या मानाने वाढली नाहीत. उन्हाळ्यातली कोरड, हवेतला धुरकटपणा अशी कारणं दिली जातात. सगळ्याच झाडांचं असं झालेलं नाही, पण ज्यांचं झालं ती वगळायची की ठेवायची यावर अभ्यासकांत चांगलीच जुंपली होती, आणि जुंपायलाच हवी होती.

"तळ्याच्या गाळात काय सापडतं? आम्ही तर दर उन्हाळ्यात गाळ काढून वावरात टाकतो."

तुमच्या गावतळ्याचा गाळ वावराला सोनं, पण हवामानाच्या अभ्यासाला तो गेलाच. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं तेच. गाळ उपसला जातो, म्हशी बसतात, उन्हाळ्यात तळ भेगाळतो आणि वरची माती खालच्या थरात जाते. नोंद हवी तर खोल, शांत, न आटणारं तळं लागतं.

उत्तरेत अशी तळी हजारोंनी आहेत, कारण हिमनद्या सरकताना त्यांनी जमीन खरवडून खड्डे केले. काही ठिकाणी बर्फ वितळतानाचा जाड, फिकट थर आणि हिवाळ्यात तळं गोठल्यावर बसणारा बारीक, काळसर थर अशा जोड्या दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. स्वीडनच्या जेरार्ड दे गीरने १८७८ मध्ये हे हेरलं आणि पुढे कित्येक वर्षं जागोजागच्या खाणी पालथ्या घालून बर्फ केव्हा कुठून मागे हटलं त्याचा हिशेब लावला.

गाळात परागकणही असतात. त्यांचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षं सडत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बर्च कोणता, पाइन कोणता, गवत कोणतं ते ओळखू येतं. स्वीडनच्याच लेन्नार्ट फॉन पोस्टने १९१६ मध्ये खोलीप्रमाणे परागांचं प्रमाण मांडून दाखवलं. गवत-झुडपं कमी होऊन बर्च आलं, म्हणजे ऊब आली. अडचण एवढीच की झाडाला चालत यायला वेळ लागतो. ऊब आली तरी बी पोचून जंगल उभं राहीपर्यंत पिढ्या जातात.

म्हणून मला चिलटं जास्त भरवशाची वाटतात. डासासारखी दिसणारी, न चावणारी चिलटं असतात, त्यांच्या अळ्या तळ्यात वाढतात. अळीच्या डोक्याचं टणक कवच गाळात टिकतं. कोणत्या जातीला किती ऊब मानवते ते माहीत आहे, आणि चिलट उडून येतं, त्यामुळे दोन-चार वर्षांत नव्या हवेला जुळणारी जात हजर होते. चमचाभर गाळातून चिमट्याने ही डोकी एकेक उचलायची आणि काचेवर मांडायची, हे काम ज्याने पाहिलं त्याला शास्त्रज्ञांच्या पगाराचा हेवा वाटणार नाही.

"आणि समुद्रातून?"

समुद्रतळावर सूक्ष्म जिवांची चुन्याची कवचं साठतात, त्यांच्यातल्या ऑक्सिजनवरून पाण्याचं तापमान आणि जगात एकूण किती बर्फ साठलेलं होतं याचा अंदाज येतो. उत्तर अटलांटिकच्या मधोमध, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर, तळाच्या मऊ चिखलात खडे सापडतात. हार्टमुट हाइनरिख या जर्मन संशोधकाने १९८८ मध्ये दाखवलं की ते ठराविक थरांतच आहेत. हिमनगांच्या पोटात अडकून आलेले दगड, हिमनग वितळल्यावर खाली पडलेले. म्हणजे हिमयुगात मधूनमधून बर्फाचे प्रचंड ताफे समुद्रात सुटत होते.

"एकानं सांगितलं ते खरं कशावरून?"

एकाचं खरं धरतच नाहीत. धुऱ्याचा वाद लागला की आपण काय करतो? सातबारा पाहतो, जुन्या माणसाला विचारतो, गाडलेला दगड उकरतो, मोजणीदार बोलावतो. यातला प्रत्येक जण चुकू शकतो. पण ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे चौघे एकाच जागी बोट ठेवतात, तेव्हा धुरा ठरतो.

याचं चांगलं उदाहरण इ. स. ५३६ चं. उत्तर युरोप-सैबेरियाच्या झाडांत त्या आणि पुढच्या काही वर्षांची वर्तुळं खुरटलेली आहेत. बर्फात त्याच सुमारास ज्वालामुखीच्या गंधकाचे थर आहेत. भूमध्य समुद्राकाठच्या तेव्हाच्या लेखकांनी सूर्य वर्षभर निस्तेज होता असं लिहून ठेवलं आहे. झाडाने लेख वाचलेला नव्हता.

"ग्रीनलँड पहिले हिरवंगार होतं, अशी व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट आली होती."

दोन वेगळ्या गोष्टींची त्यात खिचडी आहे. साधारण इ. स. ९८५ पासून आइसलँडहून गेलेल्या नॉर्स लोकांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवर गुरं पाळली. पंधराव्या शतकात त्या वस्त्या मोडल्या. तेव्हाही बेटाच्या पोटात किलोमीटरभराहून जाड बर्फ होतंच, जे दांडे काढले ते त्याच्यातूनच. थंडी वाढली हे वस्त्या मोडण्याचं एक कारण, पण व्यापार तुटणं वगैरे इतर कारणंही पुढे केली जातात.

दुसरी गोष्ट जास्त गंमतीची. कॅम्प सेंच्युरीच्या भोकाच्या तळाशी बर्फाखालची गोठलेली मातीही वर आली होती. ती बरण्यांमध्ये भरून ठेवली गेली आणि विसरली गेली. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या शीतगृहात ती पुन्हा हाती लागली. धुऊन पाहिली तर त्यात डहाळ्या, पानं, शेवाळ. वय निघालं सुमारे ४ लाख वर्षांचं. म्हणजे त्या काळी निदान त्या भागावरचं बर्फ वितळलं होतं, तेही हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच कमी असताना. पोस्ट पाठवणाऱ्याला ही माहिती धीर देणारी वाटते. मला उलट वाटतं, कारण ग्रीनलँडचं सगळं बर्फ वितळलं तर जगभर समुद्राची पातळी ७ मीटरने चढेल.

"हवामान तं आधीपासूनच बदलत आलं. मग आताच एवढी बोंबाबोंब काऊन?"

आधीपासून बदलत आलं हे शंभर टक्के खरं, आणि ते कळलं या नोंदींमुळेच. पृथ्वीच्या आसाचा कल ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात कमीजास्त होतो, आस भोवऱ्यासारखा डुलतो, कक्षेचा आकार बदलतो. साधारण १०,००० वर्षांपूर्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त ऊन पडायचं, त्यामुळे त्यानंतरच्या काही हजार वर्षांत आर्क्टिकचे उन्हाळे ऊबदार होते. मग ऊन हळूहळू घटत गेलं आणि उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश थंड होत गेला. त्या हिशेबाने थंड होत राहायला हवं होतं. गेल्या शतकात दिशा उलटली, आणि ती उलटवणारं कारण उन्हात सापडत नाही. जास्तीच्या कार्बनमध्ये सापडतं. अणूंची घडण तपासली तर तो कोळसा-तेलाचा आहे हेही दिसतं.

झटक्याने बदल झाल्याचीही उदाहरणं आहेत. हिमयुग सरत आलं असताना सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी थंडी परत आली आणि ११,७०० वर्षांपूर्वी एकदम ओसरली. ग्रीनलँडमध्ये काही दशकांत तापमान दहाएक अंशांनी चढलं, बर्फ पडण्याचं प्रमाण तर काही थोड्या वर्षांत दुप्पट झालं. त्याआधीही हिमयुगात असे पंचवीसेक झटके दिसतात. काही जणांना यात दिलासा दिसतो, की निसर्ग आपोआपच असं करतो. मला दिसतं ते असं की ही यंत्रणा सावकाश वळणारी नाही. शिवाय ते झटके मुख्यतः उत्तर अटलांटिकच्या आसपासचे होते, त्याच वेळी अंटार्क्टिकाचं तापमान उलट दिशेने जात होतं. आजची वाढ दोन्ही गोलार्धांत आहे, आणि त्या काळी कोणाचं शेत, धरण की शहर नव्हतं.

"स्पर्धा परीक्षेत मेघालयन युग विचारतात. ते याच्यातलंच का?"

हो. हिमयुगानंतरचा काळ २०१८ मध्ये तीन भागांत विभागला गेला. पहिला ग्रीनलँडियन, ११,७०० वर्षांपूर्वीपासून. दुसरा नॉर्थग्रिपियन, सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीपासून. या दोन्हींच्या सीमा नॉर्थग्रिपच्या बर्फाच्या दांड्यातच ठरवल्या आहेत, पहिली तर १,४९२.४५ मीटर खोलीवर. तिसरा मेघालयन, ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत. त्याची सीमा मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या एका खांबात आहे. एवढं पाठ केलं तर पेपरापुरतं झालं.

"आपल्या लोणारच्या तळ्यात असं काही सापडलंय का?"

सापडलं आहे, आणि बुलडाण्याच्या लोकांनाच ते माहीत नसतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते सगळ्यांनी पाहिलं, पण तळाचा गाळ त्याहून बोलका आहे. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला, त्यात ११,००० वर्षांच्या आसपासचा काळ आहे. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन पट्ट्यांत सापडतात. पाणी फार आटून खारेपणा टोकाला गेला की हे खनिज तयार होतं. पहिला पट्टा साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे पिढ्यान् पिढ्या पाऊस ओढ देत राहिला असे काळ आपल्याच मातीत नोंदले आहेत. मेघालयन युगाची ४,२०० वर्षांची सीमा पहिल्या पट्ट्याच्या मधोमध येते.

उत्तरेत लोणारचा एक भाऊबंद आहे. ईशान्य सैबेरियातलं एल्गिगित्गिन तळं, तेही उल्कापातानेच झालेलं, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी. ते हिमनदीखाली कधीच गेलं नाही, म्हणून गाळ टिकला. २००९ मध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभं करून तो काढला गेला. आर्क्टिकमध्ये जमिनीवर एवढी लांब सलग नोंद दुसरी नाही.

"यावरून पुढच्या वर्षी कपाशी लावू की सोयाबीन, ते सांगता येईल का?"

नाही. त्याला हवामान विभागाचा अंदाज आणि कृषी सहायक.

"पोरीला हे शिकायचं आहे. कुठं पाठवू?"

अकरावी-बारावी विज्ञान, मग भूशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा भौतिकशास्त्र, यांतलं काहीही चालतं. भूशास्त्र नागपूर आणि अमरावती दोन्ही विद्यापीठांत आहे, घरापासून लांब जायलाच हवं असं नाही. पुढे लखनऊची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था परागकण आणि झाडांच्या वर्तुळांसाठी, गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र बर्फासाठी. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डला भारताचं हिमाद्री नावाचं संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे. "तिकडे एकटी पोरगी कशी राहील" हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो, पोरींकडून मात्र एकदाही नाही.

"विहीर खोदताना खोलवर काळं लाकूड निघालं. ठेवू का फेकू?"

ठेवा. धुऊ नका, उन्हात वाळवू नका, हाताने कमीत कमी शिवा. वरून किती हातांवर निघालं ते लगेच लिहून ठेवा, खोली कळली नाही तर तुकड्याची किंमत निम्मी होते. भोवतालची मूठभर मातीही सोबत घ्या. स्वयंपाकाच्या चांदीच्या कागदात गुंडाळा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून सावलीत गार जागी ठेवा. वर्तमानपत्रात किंवा कापसात नको, त्यांचा नवा कार्बन लागतो आणि वय चुकतं. खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप किंवा फावड्याचा दांडा उभा करून. पांढुरकी, हाताला पिठासारखी लागणारी राखेची पट्टी दिसली तर तीही थोडी खरवडून वेगळ्या पिशवीत भरा. सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात सापडली आहे, तेव्हा आपल्याकडची पट्टी चुलीचीच असेल असं धरून चालू नका. मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला फोन करा. बांधकाम थांबवायची गरज नाही, नमुना घेतला की कडं टाकायला मोकळे.